आल्याची सही

ओवी, ईशान,

परवा ओवीने फोनवर विचारलं, "आजी, डिसेंटला मराठीत काय म्हणतात?" तिला कॉलेजात त्यावर काहीतरी लिहून द्यायचं आहे. मी आधी ‘मतभेद’ म्हटलं, मग ‘असहमती’, मग ‘विरोध’. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यातला एकही शब्द आमच्या कुरखेड्यात त्या कामासाठी वापरत नाहीत. इथे पेपरात, पानठेल्यावर, बस स्टँडवर एकच शब्द चालतो : नाराज. पक्षात कुणाचं पटेनासं झालं की तो नाराज. असे दहाजण जमले की नाराज गट. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला दोन शब्द शेजारी ठेवून बघायची खोड असते, तशी मी हे दोन ठेवून बघितले. असहमत माणसाला उत्तर द्यावं लागतं. नाराज माणसाची नुसती नाराजी दूर केली की झालं.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिते आहे. शिवाय मोहाची फुलं पडायला लागली आहेत. आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर तो वास आत आला, आणि मी खिडकी परत लावून घेतली. ईशानला हे ओवीनं वाचून दाखवावं. अवघड शब्द फार नाहीत.

मोहाचं फूल तुम्ही पाहिलेलं नाही. फिक्या पिवळ्या रंगाचं, मण्याएवढं, मांसल, आत गोड रस. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली सडा पडतो. बायका त्याआधीच झाडाखालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ करून ठेवतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी जातात. उन्हं चढायच्या आत टोपल्या भरतात आणि मग दिवसभर अंगणात, छपरांवर, डांबरी रस्त्याच्या कडेला फुलं वाळत पडलेली असतात. त्या दिवसांत साऱ्या तालुक्याला एक गोड, जड वास असतो. मी चंद्रपूरहून लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या वर्षी मला त्यानं भूक लागायची. पुढे कितीतरी वर्षं मी त्या वासाची वाट बघायचे. हे आठवलं की मला स्वतःचंच नवल वाटतं, कारण चार वर्षं झाली, तो वास आला की माझ्या घशाशी काहीतरी येतं.

चार वर्षांपूर्वी मोहाच्या त्या दिवसांत नाराज गट माझ्या ओसरीत बसत होता.

आजोबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांनी आयुष्यभर एकाच पक्षाचं काम केलं. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्याही पक्षाचं घातलं तरी पुढच्या मजकुरात फरक पडणार नाही. ते गेल्यावर तालुका शाखेनं मला चिटणीस केलं. माझं राजकारण पाहून नाही. माझं अक्षर चांगलं, मी सभेला वेळेवर येते आणि कागद हरवत नाही, म्हणून.

नाराजीचं कारण मात्र खरं होतं, हे आधी सांगते. आमच्या पलीकडे जंगलात एक टेकडी आहे. तिच्या पोटात लोखंडाचा दगड आहे म्हणे. एका कंपनीला ती हवी होती. टेकडीच्या पायथ्याला एक गाव आहे, चाळीस-पन्नास घरांचं, बहुतेक गोंड. धान थोडं, बाकी सगळं वर्ष टेकडीवर : मोह, तेंदूपानं, चारोळी, बांबू. गावाचंही नाव लिहीत नाही. त्या गावाच्या नावाचा पुरेसा वापर झाला आहे. आमच्या तालुका शाखेनं ठराव केला की टेकडी खणू देऊ नये. वरच्या पुढाऱ्यांनी आठ दिवसांत उलट पत्रक काढलं की खाणीला पक्षाचा पाठिंबा आहे. तेव्हा शाखेतले अकराजण उठले, आणि त्यांच्या पुढे होता दिलीप.

दिलीप माझा विद्यार्थी. इंग्रजी बेताचं, पण अक्षर असं की मुख्याध्यापक फळ्यावर सुविचार त्याच्याकडून लिहून घ्यायचे. शाळेत सुंदर अक्षराचा तास माझ्याकडे होता. रेघेला टेकलेलं अक्षर, एकसारखी गोलाई, मात्रा सरळ. हे सगळं मी त्याचा हात धरून शिकवलं. मोठा झाल्यावर तो बोलायलाही तसाच झाला, रेघेला टेकून. त्या पहिल्या दिवशी ओसरीत म्हणाला, "म्याडम, आपून पदासाठी नाई भांडून राह्यलो. टेकडीसाठी भांडून राह्यलो. हे वाक्य असंच लिवा." मी ते असंच लिहिलं. वहीत आहे.

मग रोज दुपारी चारला बैठक. सगळे यायचे, गाड्या फाटकासमोर आडव्या लावायचे आणि खुर्च्यांवर बसले की खिशातून खर्ऱ्याच्या पन्न्या काढायचे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. हे प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटतात. एकजण तत्त्वाबद्दल बोलत असायचा आणि बाकीच्या दहाजणांच्या हातात चर्र-चर्र, चर्र-चर्र चाललेलं असायचं. ‘जल, जंगल, जमीन’ म्हणता म्हणता एकजण उठायचा, कठड्यावरून वाकायचा आणि माझ्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी थुंकून परत यायचा. मी एकदा सांगितलं. दोन दिवस तो फाटकाबाहेर जाऊन थुंकला, तिसऱ्या दिवशी परत कढीपत्ता. पुढे कित्येक महिने मी त्या झाडाची पानं वरणात घातली नाहीत.

शेजारच्या वनमालाबाई चहाला मदत करायला यायच्या. त्याही पक्षातल्याच, पण त्यांना बैठकीत खुर्ची कधी कुणी दिली नाही, आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. कपबशा विसळताना एकदा म्हणाल्या, "म्याडम, हे सगळे नवरदेव आहेत. रुसून मांडवाच्या बाहीर बसले. सासऱ्यानं अंगठी घातली का उठतेत पाहा पंगतीले."

"दिलीप तसा नाही," मी म्हटलं.

"तो नाई ना. त्याले अंगठी नाई चालनार," वनमालाबाई म्हणाल्या. "त्याले गाडीच लागन."

मी हसले नाही. मला तेव्हा ते बोलणं हलकं वाटलं होतं.

पेपरवाल्यांनी फोटो काढून नेले. ‘नाराज गट आक्रमक’ असं छापून आलं. दिलीपनं सगळ्यांना कात्रणं दाखवली. मग ठरलं की नुसते अकराजण पुरेसे नाहीत, गाव पाठीशी हवं. म्हणून आम्ही टेकडीच्या गावाला गेलो. एका दुपारचं काम समजून गेलो होतो. तीन दुपारी लागल्या.

त्या गावाची रीत अशी की सकाळी सभा नाही, कारण सकाळी सगळे मोह वेचायला. जेवणं झाली की गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सभाघरासमोरच्या मांडवात बसायचं, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मोजून हात वर करायची पद्धत नाही. एकाचंही मन नसेल तर त्या दिवशी निर्णय नाही. त्यानं कारण सांगावं, आणि ते कारण सगळ्यांनी ऐकून घ्यावं. तो तयार होतो, नाहीतर सगळे त्याच्या बाजूला येतात, नाहीतर तिसरंच काही निघतं. पण तोवर उठायचं ते दुसऱ्या दिवशी परत बसायला.

पहिल्या दुपारी दिलीप फार छान बोलला. माना डोलल्या. सभा चालवणारे चैतूभाऊ, शेतकरी माणूस, पन्नाशीचे, त्यांनी विचारलं, "कोनाचं काही वेगळं?"

बायांच्या मागच्या रांगेतून आवाज आला, "मले नाई पटून राह्यलं."

ती सोमारीबाई. साठीच्या पुढची, नवरा नाही, हाताच्या शिरा वर आलेल्या, समोर मोहाची टोपली घेऊनच बसलेली. चैतूभाऊंनी विचारलं, "काऊन वो बाई?"

"सांगन. आज नाई. विचार करून राह्यली मी."

आणि सभा उठली. परत येताना गाडीत आमच्यातला एकजण म्हणाला, "एका बुढीले पटलं नाई म्हनून सारं गाव घरी गेलं. आपल्या पक्षात असं असतं तं पक्ष कवाच बुडला असता गा." सगळे हसले. मीही हसले. हे लिहून ठेवते, कारण मी त्यात नव्हते असा तुमचा समज व्हायला नको.

दुसऱ्या दुपारी सोमारीबाईनं दिलीपलाच विचारलं, "तुमचे मोठे लोक तुमचं आयकत नाई?"

"नाई आयकत, बाई."

"मंग तुमी तो पक्ष सोडला का?"

"सोडला नाई. आतमंधी राहून भांडून राह्यलो."

"आतमंधी म्हंजे कुठी?"

मांडवात हसू पसरलं. दिलीपही हसला. "म्हंजे घरातल्या घरात."

"घरातलं भांडन घरात भांडा ना. आमचं नाव काऊन पायजे?"

त्यावर त्याच्याजवळ उत्तर होतं. एकजुटीचं वगैरे. पण बाई टोपलीतल्या फुलांतला कचरा निवडत राहिली आणि सभा परत उठली.

तिसऱ्या दुपारी ती उभी राहिली. मी वहीत तिचं बोलणं जसंच्या तसं घेतलं आहे. "हे भाऊ चांगलं बोलतेत. टेकडीचं बोलनं खरं आहे. पन ज्याले समजवाले कोनीतरी येनार आहे ना, तो मानूस समजते. तो समजला का मंग आपून रस्त्यावर. आपल्याले समजवाले कोनी येत नाई. म्हनून आपलं भांडन आपून भांडू. या लोकायचं या लोकायले भांडू द्या."

मग एकेक माणूस बोलत गेला आणि संध्याकाळपर्यंत गावाचं म्हणणं ठरलं : या लोकांचं आम्ही ऐकलं. टेकडी द्यायची नाही, हे आमचं जुनंच म्हणणं आहे. गावाचं नाव कुणाच्या गटाला द्यायचं नाही.

दिलीपचा चेहरा उतरला होता, पण त्यानं हात जोडले. मी सह्यांसाठी वहीचं कोरं पान उघडलं.

आता माझी सवय सांगते. सभेच्या सह्यांचं पान सुरू करताना मी वरच्या चार ओळी कोऱ्या सोडायचे. सभा कुठली, विषय काय, ठरलं काय, हे सगळं संपल्यावर घरी बसून, नीट शब्द निवडून, चांगल्या अक्षरात त्या चार ओळींत लिहायचे. तीस वर्षं शाळेच्या नोंदवह्या मी अशाच ठेवल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलेलं आहे. नीटनेटकेपणाचा मला थोडा गर्व होता, आणि तो त्या चार कोऱ्या ओळींत राहत होता.

सह्या सुरू झाल्या. काही अंगठे. सोमारीबाई सगळ्यात शेवटी आली. पानाकडे बघितलं, वरच्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

"सही कायची?"

"आल्याची, बाई. तुम्ही सभेला आला होता, एवढंच."

"पाठिंब्याची नाई ना?"

"नाही. आल्याची सही."

"लिवलं कुठी तसं?"

"लिहिते ना घरी जाऊन. नीट."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकून सही केली. कधीतरी प्रौढ वर्गात शिकलेली असावी. सो, मा, री, तिन्ही अक्षरं वेगवेगळी, मध्ये अंतर सोडून, पाटावर तीन माणसं बसवल्यासारखी. तिनं पानावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

त्या संध्याकाळी तुमचा व्हिडिओ कॉल आला. ईशानचा पुढचा दात पडला होता आणि तो मला दाखवायचा होता. तास गेला. शीर्षक उद्या लिहू म्हणून मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दिलीप आला. "म्याडम, वही द्या. झेरॉक्स मारून आनतो." वही दुपारी परत आली. मी पानांना आकडे घालते, त्यामुळे लगेच कळलं की दोन पानं नाहीत. "मशिनीत वही बसत नव्हती, सुटी केली. आनून देतो," तो म्हणाला. मी ‘दोन पाने दिलीपकडे’ अशी नोंद केली. म्हणजे इतकी मी व्यवस्थित.

आजोबांनी एकदा असहमती नोंदवली होती. फार जुनी गोष्ट. शाखेच्या सभेत सगळे एका बाजूला आणि ते एकटे दुसऱ्या. इतिवृत्तात ‘विरोधात एक’ असं लिहिलेलं आहे, ते पान मी पाहिलं आहे. तुम्हाला ही गोष्ट अभिमानानं सांगता आली असती. पण खरं सांगायचं तर त्यानंतरच्या वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ गोष्टी गिळल्या, आणि घरी येऊन मला सांगितल्या. मी त्यांना म्हणायचे, जाऊ दे, पक्ष मोठा आहे. तेव्हा आमच्या वेळी सगळं स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. फक्त तेव्हा विरोध केलेल्याला कुणी पेढा भरवत नव्हतं.

पेढ्याचं सांगते. वही परत आल्यावर आठवड्याभरात पेपरात फोटो आला. वरचे पुढारी दिलीपच्या तोंडात पेढा घालताहेत, दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे, दिलीपचे ओठ उघडे. वर ठळक अक्षरांत : ‘अखेर नाराजी दूर’. त्याला जिल्ह्याचं पद मिळालं होतं. बाकीच्या दहांपैकी दोघांना काही मिळालं, आठांना दिलीप मिळाला.

त्या आठवड्यात अवकाळी सर येऊन गेली होती. रस्त्यावर वाळत घातलेला मोह भिजला आणि आंबला. सगळ्या गावात तो आंबूस वास होता. त्या वासातच संध्याकाळी पाचला दिलीप फाटकातून आला, हातात खोका, काखेत फाईल. पाया पडला.

"म्याडम, तोंड गोड करा."

त्यानं पेढा माझ्या तोंडापुढे धरला. माझ्या शाळेत शिकलेलं पोर, पाया पडून उठलेलं. मी तोंड उघडलं आणि तो पेढा खाल्ला. मग तो म्हणाला, "आनि हे फाईलले लावून ठेवा. तुमच्याकडे रेकॉर्ड कंप्लेट रायते."

ती माझी दोन पानं होती, त्यांची झेरॉक्स. खाली गावाच्या सह्या आणि अंगठे. वर, माझ्या चार ओळींत, मजकूर होता : ‘आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ दिलीपभाऊंच्या नेतृत्वावर पूर्ण विश्वास व्यक्त करतो व ते घेतील त्या भूमिकेस आमचा एकमुखी पाठिंबा आहे.’

मी भाषेची शिक्षिका. माझी नजर ‘घेतील त्या’वर अडकली. घेतलेली नाही, घेतील ती. भविष्यकाळ. ते पान टेकडी वाचवायला लिहिलेलंच नव्हतं. विकायला काढलेल्या मालावर वजन लिहितात तसं ते होतं : माझ्यामागे इतकी माणसं आहेत, मी जिकडे जाईन तिकडे येतील. आता तो खाणीच्या बाजूला गेला होता. म्हणून त्या पानाप्रमाणे गावही खाणीच्या बाजूला गेलं होतं.

आणि अक्षर. रेघेला टेकलेलं, गोलाई एकसारखी, मात्रा सरळ. क्षणभर मला वाटलं, हे मीच लिहिलं आहे का?

"हे तू लिहिलंस?"

"अक्षर तं तुमचंच आहे, म्याडम." तो हसत होता. त्याला खरंच मला खूश करायचं होतं.

"ती आल्याची सही होती, दिलीप."

"सह्या तं खऱ्याच आहेत ना. खोटी एक बी नाई. आपून फक्त वरचं लिवलं."

"आणि टेकडी?"

"टेकडीचं पाहू ना. आता आतमंधी आहो आपून. आतून जास्त करता येते. तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या?"

तो गेल्यावर मी मोरीत जाऊन चूळ भरली. तीनदा भरली. राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस समोरच्याशी अजून भांडत असतो, म्हणजे त्याला अजून काहीतरी अपेक्षा असते. मला शिसारी आली होती. खुर्च्यांवर, कपबशांवर, कढीपत्त्यावर, त्या पानावर, पेढा गेलेल्या माझ्या घशावर. ओसरी मी फिनाईलनं धुतली. आज लिहिताना ती समोर आहे, स्वच्छ आहे, आणि तरी मी तिथे खुर्ची टाकून बसत नाही.

गावाला सांगायला जायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी कपाटं आवरली. आजोबांचे पक्षातले कागद वर्षांप्रमाणे लावले. स्वतःला सांगितलं की पान वरच्यांना दाखवण्यापुरतंच होतं, पुढे जाणार नाही. मग वनमालाबाई बातमी घेऊन आल्या की ते पान पक्षाच्या पत्राला जोडून सरकारी कचेरीत दिलं गेलं आहे, आणि खाणीची जनसुनावणी पंधरा दिवसांवर आली आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "म्याडम, बस साडेअकराची आहे."

दुपारची वेळ, मांडव, मोह वेचून आलेली माणसं. मी उभी राहून पान वाचून दाखवलं. ‘एकमुखी पाठिंबा’ला एक म्हातारा हसला. "आमचं मन किती बेस लिवलं गा. आमाले बी मालूम नव्हतं." हसणं पसरलं आणि विझलं. मी वाट बघत होते की सोमारीबाई म्हणेल, मी सांगतलं होतं. ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, "हे वाचून दाखवाले तुमी काऊन आल्या?"

"कारण सही मी घेतली होती. आल्याची म्हणून."

"मंग तिथी बी तुमीच सांगा."

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. गावाचं बोलणं गावात. मी चिंचेखाली बसले, वहीशिवाय. हातांना काय करायचं ते कळत नव्हतं. ऊन उतरल्यावर चैतूभाऊ आले. "सगळ्यायचं एकच आलं, म्याडम. सुनावणीले आमी बोलूच. पन कागद तुमच्या वहीचा आहे. तो तुमीच खोडाचा."

सुनावणी एका मोठ्या सभागृहात झाली. कूलर, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत दिलीप, पांढरा शर्ट. अधिकाऱ्यांनी गावांची नावं वाचली आणि या गावाला म्हणाले की तुमचा पाठिंबा नोंदवलेला आहे. चैतूभाऊ उठले, पाठिंबा नाही म्हणाले. सह्या आहेत, असं उत्तर आलं. मग मी उठले.

मी म्हटलं, "ही पानं माझ्या वहीतली आहेत. या सह्या सभेला आल्याच्या आहेत, पाठिंब्याच्या नाहीत. असं मी या लोकांना तोंडी सांगितलं होतं, लिहायचं राहिलं. वरचा मजकूर नंतर दुसऱ्यानं लिहिला. कुणी लिहिला ते मला माहीत आहे, कारण ते अक्षर मी शिकवलं आहे."

दिलीप मोबाइलकडे बघत होता. मागून आवाज आला, "म्याडमले कोनी फूस लावली." ज्यानं कढीपत्त्याशी थुंकायचं सोडलं नव्हतं त्याचाच आवाज. अधिकारी म्हणाले, लेखी द्या. तिथेच, मांडीवर वही ठेवून, मी लेखी दिलं. आधी शीर्षक लिहिलं, मग मजकूर, मग सही. ती दोन पानं पाठिंब्याच्या कागदांतून काढली गेली आणि गावाचा विरोध गावाच्या तोंडून नोंदवला गेला.

पक्षाची नोटीस पंधरवड्यात आली. ‘पक्षविरोधी कारवाया’. खाली दिलीपची सही. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या नाहीत. उत्तरही दिलं नाही. त्यानंतर चार वर्षं तो मला रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाचं फूल आणि ‘सुप्रभात’ पाठवतो. त्याच्या मनात खरंच काही नाही, हे मला आता कळलं आहे. तो पाठवतो, मी पुसते.

या आठवड्यात पेपरात परत बातमी आहे. निवडणूक जवळ आली, दिलीपच्या हाताखालचाच एकजण नाराज आहे. गट कुणाच्या तरी ओसरीत बसतो आहे. फोटोत मागे एक बाई कपबशांचा ट्रे घेऊन उभी आहे. तिचा चेहरा कापला गेला आहे. मी त्या बाईकडे बराच वेळ बघत होते.

ओवी, तुझ्या निबंधाला याचा काही उपयोग होईल का, मला सांगता येत नाही. तुला शब्द हवा होता आणि मी तुला शिसारी आणणारी गोष्ट दिली. एक करता येईल. सोमारीबाईचं ते ‘मले नाई पटून राह्यलं’ तुझ्या इंग्रजीत कसं आणता येतं ते बघ. मी खूप प्रयत्न केला, मला आणता आलं नाही. त्यात रुसवा नाही आणि मागणं नाही, आणि पटेपर्यंत तिथेच बसून राहायची तयारी आहे.

खाणीचा निकाल अजून लागलेला नाही. फाईल या कचेरीतून त्या कचेरीत जाते आणि दर वर्षी कुणीतरी सांगतं की आता होणार. होईलही. मला उगाच आशा दाखवायची नाही. पण आज, हे लिहिताना, टेकडी जागेवर आहे, आणि तिच्याबद्दल सरकारी कागदावर त्या गावाचं म्हणून जे म्हणणं आहे, ते त्या गावाचंच आहे.